छतावरील शीतयंत्राचे दोन टप्पे

मोठ्या दुकानाच्या छतावरील वातानुकूलन यंत्रात पुष्कळदा दोन काँप्रेसर असतात. भिंतीवरील थर्मोस्टॅट हा त्यांचा मुनीम. ठरविलेल्या तपमानाहून खोली अंशभर अधिक तापली की तो ‘वाय-1’ या तारेने पहिला काँप्रेसर चालू करतो. तेवढ्याने उष्मा आवरला नाही, तरच ‘वाय-2’ने दुसरा. थंड देशांत उष्णतेसाठीही अशाच दोन तारा असतात.

आमच्या पेढीत कारागिराने दोन्ही तारा एकत्रच जोडल्या होत्या. दोन्ही काँप्रेसर एकदम सुरू होत, खोली झटकन गार होई, यंत्र थांबे, लगेच पुन्हा सुरू होई. हवेतील दमटपणा मात्र तसाच, आणि विजेचे बिल भारी! तारा वेगळ्या केल्यावर बहुतेक दुपार एकाच काँप्रेसरवर निभावते. बंद पडलेला काँप्रेसर पुन्हा चालविण्यापूर्वी सुमारे 5 मिनिटे जाऊ द्यावीत. आतील दाब समान होण्यास तेवढा अवधी लागतो.