गार हवेच्या गाडीपुढे कळवेकर का उभे राहिले?

प्रश्न : मुंबईत एसी लोकल वाढवल्या तेव्हा कळव्याच्या प्रवाशांनी ती गाडीच अडवली होती, असे वाचले. गर्दीने पिचलेली माणसे चांगल्या गाडीला विरोध का करतात? आणि अशा आंदोलनांनी गर्दी खरेच कमी होते का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाडी चांगलीच होती. भांडण होते ते तिने ज्या गाडीची जागा घेतली त्या गाडीवरून.

कळवा हे ठाण्याला खेटून असलेले स्टेशन. सकाळी कल्याण-डोंबिवलीकडून धिमी लोकल इथे येते, तेव्हा दारात पाऊल टेकवायलाही जागा नसते. पण कळव्याला कारशेडही (गाड्या उभ्या ठेवण्याची जागा) आहे. तिथून रिकामी गाडी ठाण्याला जाते आणि ठाण्याहून सीएसएमटीकडे सुटते. तेव्हा कळवेकर रुळांच्या कडेने चालत कारशेड गाठू लागले आणि तिथेच गाडीत चढू लागले. हे नियमात बसत नाही. पण बसायला मिळते! १९ ऑगस्ट २०२२ रोजी या साध्या गाडीच्या जागी एसी लोकल निघाली. तिची दारे बंद. लोक रुळांवर उतरले. पुढच्या काही दिवसांत बदलापूरकरही संतापून स्टेशनात जमले.

आता आकडे पाहा. मध्य रेल्वेच्या एसी फेऱ्या तेव्हा ५६ वरून ६६ झाल्या. एकूण उपनगरी फेऱ्या मात्र १,८१० होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणजे १० साध्या गाड्या गेल्या आणि त्यांचे प्रवासी मागच्या-पुढच्या साध्या गाड्यांत कोंबले गेले. एसीचे सुटे तिकीट त्याच वर्षी मे महिन्यात स्वस्त झाले होते, हे खरे. पण रोज नोकरीला जाणारा माणूस सुटे तिकीट काढतो कुठे? तो पासवाला, आणि एसीच्या पासाला ती सवलत नव्हती. आठवडा उलटायच्या आत रेल्वेने त्या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या केल्या. गर्दी कमी झाली का, म्हणाल तर नाही. वाढणार होती ती थांबली.

साहजिकच तुम्ही म्हणाल, मग बदली न करता जादा गाड्याच सोडा. प्रत्येक निवेदनात हीच मागणी पहिली असते आणि रेल्वेचे उत्तरही ठरलेले असते : मार्गावर जागा नाही. ते अगदीच खोटे नाही. दोन गाड्यांत साधारण तीन मिनिटांचे अंतर धरले, तर एका मार्गावर तासाला फार तर २० गाड्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीची पाचवी-सहावी मार्गिका ठाणे-दिवा दरम्यान पूर्ण व्हायला २०२२ साल उजाडले. कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत अजून नाहीच, तिथे मेल-एक्सप्रेस लोकलच्याच रुळांवर येतात. गाडी लांब करणे त्यातल्या त्यात सोपे. १२ डब्यांची १५ डब्यांची झाली की पाव पट जागा वाढते. पण त्यासाठी फलाट लांबवावे लागतात.

म्हणून मुरलेल्या प्रवासी संघटना ‘गर्दी कमी करा’ असे मोघम मागत नाहीत. अमुक वेळेची लोकल, तमुक ठिकाणी थांबा, असे नेमके मागतात. दिवा स्टेशनचेच घ्या. २ जानेवारी २०१५ ला तिथे रेल रोको झाला, दगडफेक झाली, लोकल कित्येक तास ठप्प होत्या. जलद गाड्यांना दिव्याचा थांबा मिळाला तो डिसेंबर २०१६ मध्ये. दिवेकरांना हक्काची जलद गाडी मिळाली. आधीच गाडीत उभ्या असलेल्या डोंबिवलीकराला त्याचा आनंद झाला असेल, असे मात्र समजू नका. माझ्या मते या चळवळीची खरी दुखरी नस हीच आहे. एका स्टेशनचा विजय पुढच्या किंवा मागच्या स्टेशनच्या अंगावर येतो, आणि रेल्वेला प्रत्येकाशी वेगवेगळे बोलणे सोयीचे पडते.

गर्दी मात्र तशीच राहिली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. लगेच नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. साध्या डब्यात दार बंद म्हणजे घुसमट. म्हणून दारांना फटी, छतावरून हवा आणि डब्यातून डब्यात जायला वाट, असा आराखडा मांडण्यात आला. तो बराही आहे. पण दाराला लटकणारी माणसे आत मावत नव्हती म्हणूनच बाहेर होती. दार बंद झाले की ती फलाटावर राहणार, आणि त्यांच्यासाठी मागून गाडी हवी.

एका मागणीला मात्र ना नवे रूळ लागतात ना नवे डबे : कचेऱ्यांच्या वेळा बदला. मध्य रेल्वेने १ नोव्हेंबर २०२३ पासून मुंबई विभागातल्या आपल्याच कार्यालयांत साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ अशा दोन पाळ्या लावल्या, आणि इतर आस्थापनांनाही तसेच सुचवले. त्या आस्थापनांपैकी बहुतेकांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हा संघटनांच्या निवेदनाची एक प्रत यापुढे नरिमन पॉइंट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या साहेबांनाही गेली पाहिजे. सकाळी दहाला हजेरी लावायची सक्ती रेल्वे करत नाही.