समुपदेशकाचे ऐकणे : मनोव्यथेची मराठी भाषा

उपयोजित मराठीच्या अभ्यासात आपण प्रशासन, प्रसारमाध्यमे आणि जाहिरात या क्षेत्रांतील भाषेचा विचार केला. त्या सर्व क्षेत्रांत भर असतो तो बोलण्यावर आणि लिहिण्यावर. प्रस्तुत घटकात भाषेचे असे एक कार्यक्षेत्र पाहावयाचे आहे, जेथे ऐकणे हेच मुख्य काम असते. ते क्षेत्र म्हणजे मानसिक आरोग्यविषयक समुपदेशन. समुपदेशकाजवळ स्टेथोस्कोप नसतो. समोरच्या व्यक्तीचे शब्द, तिचा स्वर आणि तिचे मध्येच थांबणे, एवढीच त्याची सामग्री असते.

शरीराच्या आश्रयाने बोलणे

'मी उदास आहे' असे वाक्य मराठी बोलण्यात फारसे ऐकू येत नाही. 'नैराश्य', 'खिन्नता' हे शब्द पुस्तकी राहिले. 'टेन्शन' मात्र घरोघरी पोहोचले आणि सर्वच त्रासांना पुरवावे लागल्याने पातळ झाले. प्रत्यक्षात ऐकू येते ते असे : 'छातीत धडधडतं', 'अंगात त्राण नाही', 'घास उतरत नाही', 'जीव घाबरा होतो', 'कशात मनच लागत नाही'. असे सांगणारी व्यक्ती प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडे जाते. तपासण्या होतात, अहवाल ठीक येतात आणि घरचे म्हणतात, 'तुला काहीही झालेलं नाही.' हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारलेले असते. ऐकणाऱ्याला मात्र आपला अनुभव खोटा ठरवला गेल्यासारखे वाटते.

या शब्दप्रयोगांना अडाणीपणाचे लक्षण समजू नये. ते अतिशय नेमके आहेत. कशातही रस न वाटणे हे नैराश्याच्या निदानातील प्रमुख लक्षणांपैकी एक आहे, आणि 'मन लागत नाही' या शब्दांत नेमके तेच सांगितलेले असते. अर्थात थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय असला तरीही त्राण जातेच. म्हणून शारीरिक तपासणी टाळून चालत नाही. पण तपासणी निर्दोष आली म्हणजे तक्रार संपली, असे समुपदेशक मानत नाही. तो त्या व्यक्तीचाच शब्द उचलतो. 'जीव घाबरा होतो म्हणालात. तो केव्हा होतो? त्या वेळी आजूबाजूला कोण असतं?' येथे 'जीव' या शब्दाच्या जागी 'चिंता' किंवा 'अँग्झायटी' घालण्याची घाई केली, तर बोलणारी व्यक्ती हळूहळू आपली भाषा सोडून समुपदेशकाची भाषा बोलू लागते. मग जे सांगायचे होते ते मागेच राहते.

'मी' आणि 'मला'

पुढील वाक्ये पाहा : 'मला भीती वाटते', 'मला राग येतो', 'मला रडू येतं'. या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती 'मी' या रूपात येत नाही, 'मला' या रूपात येते. पारंपरिक व्याकरण येथे चतुर्थी सांगते. आधुनिक भाषाविज्ञान अशा पदाला अनुभवक म्हणते. भावना ही आपण केलेली क्रिया नसून आपल्याकडे आलेली गोष्ट आहे, अशी ही रचना आहे. जे येते ते जाऊही शकते.

उलट 'मी नालायक आहे', 'मी भित्रा आहे' या वाक्यांत अनुभव उरत नाही, ओळख तयार होते. अशा वेळी 'छे, तुम्ही कुठे नालायक?' असे म्हणणे सोपे असते आणि बहुधा निरुपयोगी ठरते. समुपदेशक म्हणतो, 'आपण नालायक आहोत, असं तुम्हाला वाटतंय.' विधान त्याने खोडलेले नाही आणि मान्यही केलेले नाही. ते केवळ 'वाटणे' या क्रियापदाच्या कक्षेत आणून ठेवले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ च्या 'क्लायंट-सेंटर्ड थेरपी' या ग्रंथात समोरच्याच्या दृष्टीने त्याचे जग समजून घेण्यावर भर दिला. पुढे त्याची नक्कल पोपटपंचीसारखी होऊ लागली. केवळ वाक्य परत म्हणणे म्हणजे समजून घेणे नव्हे.

एका 'च'चे ओझे

अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी वाचकांना त्यांची ओळख अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीतूनही झाली आहे. एलिस यांच्या मते इच्छा माणसाला फारशी छळत नाही; इच्छेची मागणी झाली की छळते. मराठीत ही मागणी 'च' आणि 'पाहिजे' यांच्या जोडीने व्यक्त होते : 'मला पहिला वर्ग मिळालाच पाहिजे.' हेच वाक्य विध्यर्थात मांडून पाहा : 'पहिला वर्ग मिळावा अशी माझी फार इच्छा आहे, न मिळाल्यास वाईट वाटेल.' इच्छेची तीव्रता तीच आहे, मात्र अपयशाला आता जागा उरली आहे.

तथापि प्रत्येक 'च' अविवेकी नसतो. 'या महिन्यात हप्ता भरलाच पाहिजे' असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याचा 'च' सावकाराने दिलेला असतो. तेथे वाक्यरचना बदलून काही साधणार नाही. कर्जाविषयीची माहिती देणारे माणूस गाठून द्यावे लागते. समुपदेशनाच्या पाठ्यपुस्तकांत या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'देवानं आता न्यावं'

या घटकातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. 'देवानं आता न्यावं', 'मी नसले तरी तुमचं चालेल', 'एकदाची सुटका व्हावी' ही वाक्ये घरात इतक्या वेळा बोलली जातात की ती वाक्प्रचार बनून ऐकू येईनाशी होतात. बहुतेकदा त्यांत त्रागा असतो. काही वेळा तो नसतो. केवळ वाक्यावरून हा भेद कळत नाही, म्हणून समुपदेशक अंदाज बांधत नाही, सरळ विचारतो : 'आजी, न्यावं म्हणता, म्हणजे मरणाचे विचार येतात का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?' विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. असे विचारल्याने धोका वाढत नाही. मनात दडवलेले बोलण्याची वाट मात्र मिळते.

उत्तर 'हो' आले, तर उपदेश करू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधांचा साठा तिच्या हाती लागणार नाही असे पाहावे आणि तिला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाची टेली-मानस ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. पोलिसांच्या भीतीने घटना लपवणारी कुटुंबे अनेक आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकलेले आहे.

स्वाध्याय

१. आपल्या बोलीतून, मग ती वऱ्हाडी असो, अहिराणी असो वा मालवणी, मनाचा त्रास सांगणारे दहा शब्दप्रयोग जमवा. ते कोण, कोणाजवळ आणि कोणत्या प्रसंगी वापरते ते लिहा. कोणाचेही नाव नोंदवू नका.

२. 'धीर धर', 'मन घट्ट कर', 'विचार करू नकोस' या तिन्ही वाक्यांतील क्रियापदांचा अर्थ ओळखा. जिचे मन लागत नाही अशा व्यक्तीला ती वाक्ये कशी ऐकू येत असतील ते विशद करा, व प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नार्थक वाक्य सुचवा.