कचोरीनंतर भूक का मावळते?

प्रश्न : शेगावची कचोरी सकाळी खाल्ली, की दुपारच्या जेवणावर वासना राहत नाही. हे तेलामुळे का? (एक वाचक, खामगाव)

उत्तर : बव्हंशी तेलामुळेच, परंतु अखंड तेल पोट भरल्याची वर्दी देत नसून, स्वादुपिंडाच्या रसाने त्याचे विघटन होऊन जी मेदाम्ले मोकळी होतात, त्यांतील १२ वा अधिक कार्बन-अणूंची साखळी असलेली मेदाम्ले लहान आतड्याच्या आरंभीच्या पेशींना चेतवून कोलेसिस्टोकायनिन नामक संप्रेरक स्रवावयास लावतात, आणि ते जठराचे रिते होणे मंदावून व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूस तृप्तीची खबर पोचविते. या संप्रेरकाने उंदरांचा आहार घटतो, हे १९७३ साली प्रयोगाने दिसून आले. मात्र खबर पोचण्यास अवधी लागतो, आणि तेलाच्या दर ग्रॅममागे ९ उष्मांक पदरी पडतातच. म्हणून दुसरी कचोरी उचलण्यापूर्वी अंमळ थांबावे, ही माझी कळकळीची विनंती.