मिडलचा नॉब

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या बँडने तीन गाणी वाजवली. तुमच्यापैकी बरेच जण समोर बसला होतात. ड्रम्स ऐकू आले, बेस ऐकू आला, गायक तर आलाच आला. गिटार ऐकू आली का, असं नंतर मी ज्याला त्याला विचारत होतो आणि जो तो विषय बदलत होता. शेवटी साउंडवाल्या काकांनीच आपल्या बेळगावी पद्धतीने सांगून टाकलं, ‘‘तुझी गिटार दिसायलीय रे बाळा, पण ऐकू येईना झालीय.’’

अँपचा काही दोष नव्हता. गोव्यातल्या एका मित्राचा 50 वॉटचा ट्यूब अँप चोर्ला घाटातून गोधडीत गुंडाळून आणला होता. आदल्या रात्री खोलीवर हळू आवाजात लावला, तेव्हा अंगावर काटा आला होता. गेन 9, बेस 8, ट्रेबल 8, मिडल शून्य. मेटॅलिकाच्या 1986च्या रेकॉर्डवर जो मेसा बूगी अँप आहे, त्याच्या पट्ट्यांची ‘व्ही’ आकाराची मांडणी फोटोत बघितली होती, तीच मी माझ्या परीने उतरवली. तोच अँप, तेच आकडे सभागृहात गेले आणि गिटार गायब. का, याची ट्यूब पेटायला मला बरेच महिने लागले. मंडळाच्या बैठकीत दोघातिघांनी हेच विचारलं, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी ट्यूब म्हणजे काय ते. आजोबांच्या रेडिओत असायचा तो व्हॉल्व्ह. काचेच्या नळीत तापलेल्या तारेमुळे इलेक्ट्रॉन निघतात आणि गिटारकडून आलेला क्षीण सिग्नल त्यांचा प्रवाह कमीजास्त करतो. असा सिग्नल मोठा होतो. अँपच्या पुढच्या भागात 12एएक्स7 नावाच्या छोट्या ट्यूब असतात. एकीचं काम दुसरीला, दुसरीचं तिसरीला असं चढत जातं. एका मर्यादेपलीकडे ट्यूब सिग्नल मोठा करू शकत नाही, मग लाटेचं डोकं चपटं होतं. या चपट्या होण्यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. गेनचा नॉब म्हणजे लाटेला छताकडे किती ढकलायचं ते.

लाट चपटी झाली की तिच्यात मूळ सुरात नव्हते ते वरचे स्वरांश येतात. आपल्याकडच्या मंडळींना हे नवं वाटायला नको. मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावताना बघितलंय ना? घोडीचा पृष्ठभाग घासून, तारेखाली सूत सरकवून कारागीर हेच शोधत असतो. तार घोडीला अशी निसटती टेकली पाहिजे की एका सुरातून अनेक सूर फुलावेत. सूत थोडं जास्त सरकलं तर तंबोरा नुसता झणझणतो, थोडं कमी सरकलं तर मुका होतो. यंत्रणा वेगळी आहे, पण कान तोच लागतो. 1964 साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापून तसला आवाज काढला होता. आपल्याला एवढं करायची गरज नाही.

तंबोऱ्यावरून आणखी एक गोष्ट कळते. हेवी वाजवणारे पूर्ण कॉर्ड सोडून फक्त पॉवर कॉर्ड, म्हणजे आपले सा आणि प, का धरतात? डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनांची बेरीज-वजाबाकी होऊन नवे सूर तयार होतात. सा आणि प यांचं प्रमाण 2 : 3. वजाबाकी 1, म्हणजे त्याच साचा एक सप्तक खालचा सूर. फुकटात खर्ज मिळतो. आता यात शुद्ध गंधार घाला. गिटारच्या पट्ट्यांवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. साध्या आवाजात तो खपून जातो. गेन 9वर तीच तफावत भांडण बनते. म्हणून आवाज चिखल झाला की अँपला शिव्या घालण्याआधी बोटं कुठे आहेत आणि गिटार सुरात आहे का, ते बघा.

आता माझ्या चुकांकडे. पहिली चूक गेनची. लाट जितकी जास्त चपटी, तितका हळू आघात आणि जोरदार आघात यांतला फरक कमी. गेन 9वर मी पिक कसाही मारला तरी सारखंच ऐकू येत होतं. खोलीत त्याला मी ‘भारी’ म्हणत होतो. सभागृहात त्याची सपाट भिंत झाली आणि भिंत कोणी ऐकत नाही. रेकॉर्डवर जो भरणा वाटतो, त्यात तोच भाग दोनदोन, चारचार वेळा वाजवून डावीकडे-उजवीकडे लावलेला असतो, खाली बेस गिटार असते. त्यातला एकेक थर सुटा काढला तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असतो.

दुसरी आणि मोठी चूक मिडलची. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते, गिटारची 82वर. खालचा सगळा मजला बेस आणि किक ड्रमचा. वरचा मजला झांजांचा. मधे उरतं ते गिटार आणि गायकाचं घर. मी मिडल शून्यावर नेऊन स्वतःच्या घराला कुलूप लावलं, आणि बेस-ट्रेबल वाढवून दुसऱ्यांच्या अंगणात भांडायला गेलो. तिथे मी हरणारच होतो. शिवाय असल्या बहुतेक अँपमधले हे तीन नॉब फक्त वजाबाकी करतात. तिन्ही 5वर ठेवले म्हणजे आवाज ‘सरळ’ असतो असंही नाही. त्या मांडणीत मधला भाग मुळातच थोडा खचलेला असतो. एक नॉब फिरवला की बाकीच्या दोघांचाही परिणाम बदलतो. त्या मेसा बूगीतल्या ‘व्ही’च्या पट्ट्या डिस्टॉर्शनच्या नंतर येतात, आणि त्यांच्याआधी वेगळे टोन-नॉब असतात, हे फोटोत कुठे दिसतंय!

मग खोलीत इतकं छान का वाटलं? कानांमुळे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानांना खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. हळू वाजवताना आपण ते नॉबने भरून काढतो. आवाज वाढवला की कान ते स्वतःच ऐकू लागतो आणि आपण घातलेलं सगळं जास्तीचं ठरतं. म्हणून सेटिंग नेहमी ज्या आवाजात वाजवायचंय त्याच आवाजात, बँड वाजत असतानाच करायचं. एकट्याने केलेलं सेटिंग एकट्यासाठीच.

माझी आताची पद्धत सांगतो. आकडे काळ्या दगडावरची रेघ नाहीत, सुरुवात म्हणून घ्या. बेस 4, मिडल 6, ट्रेबल 5, प्रेझेन्स 4. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, घोडीजवळचा पिकअप. मास्टर आधी स्टेजच्या आवाजाला आणायचा आणि गेन शून्यापासून वर न्यायचा. गाण्यातला सगळ्यात अवघड तुकडा वाजवत राहायचं. सूर धरून राहायला लागले की थांबायचं, मग मन घट्ट करून थोडा मागे यायचं. माझा गेन आता 5च्या पलीकडे जात नाही. तळहाताने तार दाबून वाजवताना ‘टक्-टक्’ ऐकू आलं पाहिजे. ‘भस्स’ आलं तर बेस आणखी खाली.

तरीही भसभस राहिली तर? जाड तारांचा सिग्नल मोठा असतो, तो ट्यूबला आधीच भरून टाकतो. मार्शल पद्धतीच्या अँपमध्ये बेसचा नॉब त्या गोंधळानंतर येतो, तोवर उशीर झालेला असतो. तेव्हा बेस अँपच्या आधीच कापायचा. ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल समोर लावून ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर ठेवतात ते याचसाठी. तो खालचे सूर छाटतो, मधल्यांना पुढे ढकलतो. डिस्टॉर्शन वाढवायला डिस्टॉर्शनचा पेडल लावून त्याचं डिस्टॉर्शनच बंद ठेवायचं, हे मला पहिल्यांदा वेडेपणाच वाटलं होतं.

आणि अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. तीक्ष्ण सूर स्पीकरमधून सरळ रेषेत जातात. अँप जमिनीवर असला तर ते आपल्या गुडघ्यांना ऐकू येतात आणि पहिल्या रांगेतल्या सरांना कानात टोचतात. आपण मात्र ट्रेबल वाढवत बसतो.

ट्यूब अँप उसना आणणाऱ्यांसाठी थोडं सक्तीचं. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागच्या जॅकवरचे ओहम आणि स्पीकरचे ओहम जुळवून घ्या. स्टँडबाय असेल तर आधी मिनिटभर ट्यूब तापू द्या. आणि मागचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उघडू नका. आत 400 व्होल्ट किंवा जास्त असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. बिघाड असेल तर माहीतगार माणसाकडेच न्या.

या वर्षीच्या संमेलनासाठी मित्राने अँप पुन्हा द्यायचं कबूल केलंय. सराव या खेपेला सभागृहातच, काका मिक्सरवर बसलेले असताना. मिडलच्या नॉबशेजारी 6वर मी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवणार आहे, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा.