बर्फाची आगोट

बाळा,

परवा वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "तिच्याकडे जाड कोट आहे ना, एवढंच बघा." कोट आहे गं, मी बघितला, चांगला आहे. पण नुसती छत्री घेऊन पावसाळ्याची तयारी झाली, असं आपल्या रत्नागिरीत कोणी म्हणेल का? तिथे मे महिन्यात आगोटीची लगबग असते. लाकडं पडवीत येतात, सुकी मासळी डब्यांत जाते, आमसुलांची बरणी भरते, पडवीला झड लागते. शिकागोलाही आगोट असते, ती ऑक्टोबरात करायची.

मी इथे आले ती १९८४च्या शरदात, आणि कसलीच आगोट न करता. २० जानेवारी १९८५ला पारा उणे ३३ सेल्सियसवर गेला. या शहराचा नीचांक अजून तोच आहे. त्या आठवड्यात मी जे शिकले आणि पुढे चाळीस हिवाळे चुकत-चुकत शिकत राहिले, ते तुला लिहून देते. एका बैठकीत वाचू नकोस, जेवायच्या टेबलाजवळ चिकटवून ठेव.

१. ऑक्टोबर सरायच्या आत फावडं, मिठाची पिशवी आणि बूट घरात आले पाहिजेत — बर्फाचा अंदाज टीव्हीवर सांगितला की त्याच दुपारी दुकानातली फावडी संपतात. दुकानातलं फावडं डोळ्यांना, दारातलं हातांना.

२. फावडं मागच्या शेडमध्ये नको, दाराच्या आत ठेव — नाहीतर शेडपर्यंत पोचायलाच दुसरं फावडं लागेल.

३. कपडे तीन थरांत घाल: अंगालगत लोकरी किंवा थर्मल, मधे ऊबदार, वर वारा अडवणारं. अंगालगत सुती नको, मोजेसुद्धा सुती नकोत — सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. उन्हाळ्यातली मैत्रीण, हिवाळ्यातली फितूर.

४. बोटं सुटी असलेल्या मोज्यांपेक्षा मिटन घे — एका घरात राहिलेली बोटं एकमेकांना ऊब देतात. तुझ्यासाठी दोन जोड विणून ठेवलेत, एक हरवणार हे धरूनच.

५. बूट अर्धा-एक नंबर मोठा घे — जाड मोज्यावर बूट घट्ट बसला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. ऑफिसचे नाजूक चपला-बूट पिशवीत ने, पायात नाही.

६. दाराशी जुनी परात किंवा ट्रे ठेव, ओले बूट त्यात — रस्त्यावरचं मिठाचं पाणी लाकडी जमिनीवर पांढरे डाग पाडतं, आणि घरमालक डिपॉझिट परत करताना ते डाग बरोबर मोजतो.

आता चालण्याचं. तुला घरातून धावत निघायची सवय आहे, ती लहानपणापासून ठाऊक आहे मला.

७. पाय थोडे फाकवून, लहान पावलं टाकत, सगळा तळवा एकदम टेकवत चाल, आणि हात खिशातून बाहेर ठेव — तोल गेला तर सावरायला हातच लागतात. बदक चाले ते पोचे, घोडं धावे ते लोळे.

८. थंडीत डांबर नुसतं ओलं दिसलं तर ते ओलं नाही असंच समज — तो काळा बर्फ असतो. काचेसारखा पातळ असतो, म्हणून खालचा रस्ता दिसतो. रेल्वेच्या पुलाखाली पाणी ठिबकतं तिथे आणि पहाटे जिन्याच्या पायऱ्यांवर तो हमखास सापडतो.

९. चौकात फुटपाथ संपतो तिथे जो करडा चिखल दिसतो त्यात पाऊल टाकू नकोस, दोन पावलं वळसा घाल — वरून बर्फ, खाली घोटाभर गार पाणी. एकदा मोजा भिजला की दिवसभर थंडी बुटातच मुक्कामाला.

१०. डाउनटाउनमध्ये फुटपाथवर "वरून बर्फ पडतो" अशा पाट्या मांडलेल्या दिसल्या की पलीकडच्या बाजूने जा — उंच इमारतींवरून सुटलेला तुकडा दगडासारखा येतो. लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनच्या मध्यभागी, जमिनीखालून पेडवे नावाची वाट आहे, सुमारे चाळीस ब्लॉक जोडणारी. थंडी सुरू व्हायच्या आधी एका रविवारी ती फिरून घे, वाकडीतिकडी आहे, आयत्या वेळी उमगत नाही.

११. एलच्या, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेच्या, फलाटावर डोक्यावरचे लाल दिवे आहेत ना, त्यांचं बटण दाब आणि खाली उभी राहा — ते हीटर आहेत. पहिल्या वर्षी मी त्यांना नुसती शोभा समजत होते. आणि बाजूला जागा ठेव, तिथे अनोळखी माणूसही खांद्याला खांदा लावतं.

१२. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेव — थंडीत बॅटरी बघता बघता बसते, आणि नेमकी बस कुठवर आली हे बघायच्या वेळी.

१३. डिसेंबरात चार वीसला सूर्य मावळतो. काळ्या कोटावर लाल-पिवळा स्कार्फ हवाच — गाडीवाल्याला आधी तू दिसायला हवीस, मग सिग्नल.

१४. तापमान बघतेस तसा वाऱ्याचा आकडाही बघ. ३० जानेवारी २०१९ला ओ'हेअर विमानतळावर उणे ३१ सेल्सियस होतं आणि वर वारा — तशा दिवशी उघडी कातडी काही मिनिटांत गोठते. बोट किंवा नाकाचा शेंडा पांढरा पडून बधिर झाला तर चोळायचं नाही. आत यायचं, कोमट पाण्यात धरायचं, आणि तरीही जाणीव आली नाही तर डॉक्टरकडे.

आता फुटपाथ. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे आणि तू ते वाचणार आहेस.

तुझ्या तीन मजली घरासमोरचा फुटपाथ महापालिका साफ करत नाही, तो घरवाल्यांनी करायचा असतो. शहराचा नियम सोपा आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सातमध्ये पडलेला बर्फ रात्री दहापर्यंत, आणि रात्रीचा बर्फ सकाळी दहापर्यंत काढायचा, आणि वाट किमान पाच फूट रुंद हवी. पाचच का? व्हीलचेअर जाते तेवढ्यात, बाबागाडी जाते, आणि समोरून कोणी आलं तर दोघांपैकी कोणाला ढिगाऱ्यात उतरावं लागत नाही. तुला फावड्याच्या रुंदीची एक पट्टी पुरते, कारण तू चोवीस वर्षांची आहेस. तुझ्या पट्टीवरून वॉकर घेऊन कोणी जाऊ शकत नाही. शेजारच्या नऊ घरांनी वाट काढली आणि दहाव्याने नाही काढली, तर व्हीलचेअरवरच्या बाईला त्या नऊ घरांचा काहीच उपयोग नसतो. ती घरात बसते, नाहीतर रस्त्यावर उतरते, गाड्यांमध्ये. एका फावड्याचा आळस, अख्ख्या गल्लीला वळसा.

१५. मोठा बर्फ असेल तर तो थांबायची वाट बघू नकोस, तीन-चार इंचांवर एकदा काढ, मग पुन्हा — ताजा बर्फ पिसासारखा, पायांखाली दबलेला फरशीसारखा.

१६. उचलून फेकू नकोस, ढकल. दर दहा मिनिटांनी थांब — गार हवेत एकदम जोर केला की हृदयावर ताण येतो. साठीपुढच्या शेजाऱ्याच्या हातातून फावडं गोड बोलून काढून घे. त्यांना मान हवा असतो, म्हणून "काका, मला व्यायाम हवाय" असं म्हण.

१७. पायऱ्यांवर गरम पाणी कधी ओतू नकोस. मी ओतलं होतं, १९८६मध्ये, फार हुशारीने. तासाभरात पायऱ्यांची काच झाली आणि पत्र घेऊन आलेला माणूस तिथे आडवा झाला. मनगट मोडलं त्याचं. महिनाभर दुसराच माणूस पत्र टाकत होता आणि रोज दुपारी दारातला आवाज आला की माझ्या पोटात कालवायचं. कढत पाण्याने बर्फ धुतला, सांजेला आरसा झाला — हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

१८. मीठ आधी नाही, फावड्यानंतर टाक, आणि मोजून टाक — कॉफीचा एक मोठा मग फुटपाथच्या दहा फरश्यांना पुरतो. जास्तीचं मीठ झाडांच्या मुळांशी, कुत्र्यांच्या पंजांत आणि शेवटी पाण्यात जातं. उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू टाक, पायाला निदान पकड मिळते.

१९. घरासमोर आगीचा बंबनळ असेल तर त्याच्याभोवती तीन फूट मोकळं कर, गटाराची जाळीही — आग लागली तर बंबवाल्यांनी नळ शोधत बसायचं का? आणि बर्फ वितळताना पाण्याला जायला वाट नसली की चौकात तळं होतं.

२०. काढलेला बर्फ रस्त्यावर किंवा बसथांब्यावर ढकलायचा नाही — तुझा ढीग दुसऱ्याचा डोंगर.

गाडी तू पुढच्या वर्षी घेशील, तरी आत्ताच ऐकून ठेव.

२१. १ डिसेंबर ते १ एप्रिल, पहाटे तीन ते सात, मोठ्या रस्त्यांवर गाडी लावायची नाही, बर्फ पडो न पडो — सुमारे १०७ मैलांचे रस्ते बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊसाठी मोकळे ठेवतात, पाट्या खांबावर असतात. माझी गाडी कोरड्या ठणठणीत रात्री उचलली गेली होती. मी आकाश बघत बसले, पाटी बघितली नाही.

२२. मागच्या गल्ल्यांत प्लाऊ येत नाही — त्या अरुंद जागेत बर्फ ढकलला तर तो लोकांच्या गॅरेजच्या दारांवर जाऊन बसेल. म्हणून गल्लीचं काम शेजाऱ्यांनी मिळून करायचं. तू कॉफीचा थर्मास घेऊन उतर, ओळख आपोआप होते.

२३. बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेत कोणी जुनी खुर्ची मांडलेली दिसेल. त्याला इथे डिब्स म्हणतात. कायद्यात त्याला जागा नाही, तरी ती खुर्ची हलवू नकोस — कोणीतरी दोन तास पाठ मोडून ती जागा काढलेली असते. माझं मत विचारशील तर आपण खुर्ची मांडू नये. कामावरून दमून आलेल्या नर्सला ती जागा मिळाली तर काय बिघडलं?

२४. गाडी सुरू करण्याआधी मागचा धुराचा नळ मोकळा कर — तो बर्फाने बुजला असेल तर विषारी वायू गाडीत साठतो, त्याला वास नाही, रंग नाही.

२५. पाव टाकीच्या खाली पेट्रोल जाऊ देऊ नकोस. गाडीत घोंगडी, टॉर्च, पाणी आणि चिवड्याचा डबा ठेव. १ फेब्रुवारी २०११च्या संध्याकाळी लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या अडकल्या, लोक कित्येक तास आत बसून होते — तेही रोजच्यासारखेच घरी निघाले होते.

घरातलं थोडक्यात सांगते.

२६. १५ सप्टेंबर ते १ जून घरमालकाने दिवसा किमान २० आणि रात्री सुमारे १९ सेल्सियस इतकी ऊब दिलीच पाहिजे, हा शहराचा नियम आहे. कमी वाटलं तर आधी थर्मामीटर लाव, आकडे लिहून ठेव, मालकाला कळव, मग शहराच्या मदत क्रमांकावर, ३११ला, फोन कर — "फार गार आहे" याला उत्तर मिळत नाही, "सकाळी नऊला १६" याला मिळतं.

२७. ऊब यावी म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवायचा नाही, हीटरजवळ तीन फुटांत पडदा किंवा पांघरूण नको, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दर महिन्याला बटण दाबून तपास — घर घट्ट बंद असतं, वाईट हवेला बाहेर जायला फट नसते.

२८. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ धारेपेक्षा बारीक चालू ठेव, सिंकखालचं कपाट उघडं ठेव — वाहतं पाणी सहसा गोठत नाही, आणि नळी फुटली तर खालच्या मजल्यावर पाऊस.

२९. रेडिएटरची हवा कोरडी असते. रात्री नाकाच्या आत तुपाचं बोट फिरव, ओठांनाही — माझ्या आईने मला पोस्टाने कळवलेला उपाय आहे, इथल्या कुठल्याही मलमापेक्षा मला तोच मानवला.

३०. हे मात्र विसरू नकोस. तुझ्या खालच्या मजल्यावर आजी एकट्या राहतात ना, त्यांच्याशी पडद्याचा करार कर: सकाळी नऊच्या आत त्यांनी पडदा सरकवायचा, नाही सरकला तर तू बेल वाजवायची. त्यांचा नंबर घे, मुलाचाही घे — आणि बेलला उत्तर आलं नाही, मुलगाही फोनवर मिळाला नाही, तर ९११. तू गावाला गेलेली असशील तर ३११ला सांगून कोणाला तरी बघायला पाठवता येतं.

१९७९च्या जानेवारीत इथे मोठं वादळ झालं, मी यायच्या पाच वर्षं आधी. रस्ते दिवसेंदिवस तुंबून राहिले, एलच्या गाड्या काही स्टेशनांवर थांबेनाशा झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात पक्षाच्या निवडणुकीत लोकांनी महापौर मायकल बिलँडिक यांना घरी पाठवून जेन बर्न यांना पुढे आणलं. मी आले तेव्हा शेजारी ती गोष्ट रंगवून सांगायचे. पण आमच्या मजल्यावरची पोलिश आजी महापौराचं नावही काढायची नाही. त्या आठवड्यात समोरच्या घरातला मुलगा रोज दुपारी तिच्या दाराशी ब्रेड आणि दूध ठेवून जायचा, एवढंच ती सांगायची, दर हिवाळ्यात, नव्याने.

३१. आणि एक सूर्यप्रकाशाचा दिवस आला म्हणून बूट माळ्यावर टाकू नकोस — २४ जानेवारी १९६७ला इथे १८ सेल्सियस होतं, दोन दिवसांनी २३ इंच बर्फ पडायला लागला. एप्रिलातही तो येतो.

शनिवारी जेवायला ये. कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी करते. येताना मोठी पिशवी आण. मिटन, एक जुनी परात आणि मुठीला दोरी गुंडाळलेलं माझं हलकं फावडं काढून ठेवलंय. खालच्या आजींना विचार, त्यांना तिखट चालतं का.

तुझी
आत्या