मालकीच्या रानांतील झाडतोड : कुऱ्हाड कीं यंत्र ?

शेताच्या बांधावर अथवा मालकीच्या रानांत उभा असलेला साग हा शेतकऱ्याचा कित्येक वर्षांचा ठेवा असतो. परंतु त्याची किंमत पुष्कळ अंशीं तोडणीच्या एका दिवसांत ठरते. बुंधा उभा चिरला, खुंट उंच राहिला, अथवा झाडाखालीं माणूस सांपडला, तर ती हानि मागाहून भरून येत नाहीं. यास्तव हातानें तोड करावी कीं यंत्रानें, याचा निर्णय सर्वस्वीं व्यापाऱ्यावर न सोडतां शेतकऱ्यानें दोन्ही पद्धतींचे गुणदोष स्वतः समजून घ्यावेत.

'यंत्र' या शब्दांत दोन अगदीं भिन्न वस्तू येतात. पहिली साखळीची करवत, जिला व्यवहारांत चेन-सॉ म्हणतात. जर्मनींत आंद्रेआस श्टील यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी अशी करवत तयार केली. दुसरी वस्तु म्हणजे हार्वेस्टर नांवाचें मोठें स्वयंचलित यंत्र. तें झाड धरतें, कापतें, फांद्या छाटतें व ओंडके पाडतें. स्वीडन व फिनलंड या देशांत व्यापारी तोड बहुतेक सर्व याच यंत्रानें होते. चालक बंद खोलींत बसत असल्यामुळें अपघात फार कमी होतात, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु तें सरळ वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडांच्या विस्तीर्ण रानांसाठीं योजलेलें आहे. आपलीं जाड फांद्यांचीं व दुबेळक्यांचीं झाडें, लहान क्षेत्रें आणि चढउताराची जमीन यांस तें मानवत नाहीं. तेव्हां आपल्यापुढें खरा प्रश्न कुऱ्हाड, दुहाती करवत व चेन-सॉ यांमधील निवडीचा आहे.

मालाचा हिशेब. लांकडाच्या व्यापारांत घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणण्याची रीत प्रसिद्ध आहे. ४ फूट घेराचा व २० फूट लांबीचा ओंडका या रीतीनें २० घनफूट भरतो. म्हणजे एक फूट लांबी गेली कीं एक घनफूट माल गेला. या ओंडक्याचे चार तुकडे करण्यास तीन ठिकाणीं छेद द्यावे लागतात. कुऱ्हाडीनें दोन्ही बाजूंनीं खांच घेतल्यास प्रत्येक छेदास सात इंच लांबी तरी खर्ची पडते, म्हणजे एकूण २१ इंच, अर्थात् पावणेदोन घनफूट. चेन-सॉचा छेद सुमारें ३/८ इंच रुंद असतो; तीन छेदांत जेमतेम सव्वा इंच जातो. दुहाती करवतीचा छेद याहूनहि बारीक असतो. यावरून दिसेल कीं मालाच्या दृष्टीनें खरा तोटा हातकामाचा नसून कुऱ्हाडीनें तुकडे पाडण्याचा आहे. वेळेच्या बाबतींत मात्र चेन-सॉची बरोबरी कोणतेंहि हत्यार करूं शकत नाहीं.

खुंट व जमीन. साग खुंटापासून चांगला फुटतो. त्यासाठीं खुंट जमिनीपासून सहा इंचांहून उंच ठेवूं नये, त्याची साल सुटूं देऊं नये आणि माथा पाणी न सांचेल असा उतरता असावा. चेन-सॉनें खालपर्यंत कापतां येतें हें खरें; पण साखळी बोथट असल्यास कड फाटते. म्हणून यंत्रानें तोड केली तरी धारदार कुऱ्हाडीनें खुंट तासून घेणें इष्ट होय. जमिनीचें नुकसान तोडणीपेक्षां ओढणीनें अधिक होतें. ओल्या काळ्या जमिनींत ट्रॅक्टर घातल्यास ती दबून घट्ट होते व बांध फुटतात. बैलांनीं ओढलेला ओंडकाहि उतारावर चर पाडतो व पावसाळ्यांत त्याचीच घळ होते. यासाठीं ओढणी जमीन वाळल्यावर करावी व उतारावरील वाटेंत फांद्यांचे आडवे बांध घालावेत.

माणसाचा जीव. हातकरवतीनें काम करणाऱ्यास झाडाचा कडकडाट ऐकूं येतो व सोबत्याची हांकहि ऐकूं येते. चेन-सॉच्या आवाजांत हीं दोन्ही बुडतात. शिवाय पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला तर करवत चालकाच्या अंगावर उसळते. नित्य कंपनानें बोटें बधिर होतात व आवाजानें ऐकूं येणें कमी होतें. उलटपक्षीं हातकामांत श्रम फार, आणि थकलेला माणूस चुकतो. म्हणून शिरस्त्राण, कानांचें व डोळ्यांचें संरक्षण आणि पायांस जाड आच्छादन यांवांचून चेन-सॉ हातीं देऊं नये. हा खर्च सौद्यांतच धरावा.

हत्यार कोणतेंहि असो, तोडीचे नियम तेच. प्रथम झाडाचा कल व वाळक्या फांद्या पाहाव्या. ज्या बाजूस झाड पाडावयाचें त्या बाजूस व्यासाच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाइतकी खांच घ्यावी. मग विरुद्ध बाजूनें, खांचेच्या तळापेक्षां थोडा वर, छेद द्यावा; परंतु मध्यें व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी बिजागरी राखावी. ती झाडास दिशा देते. खांच न घेतां झुकलेलें झाड कापल्यास बुंधा उभा चिरतो व सर्वांत मोलाचा ओंडका सरपण होतो. छेदांत पाचर मारावी, मागें तिरकस पळवाट मोकळी ठेवावी आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आंत इतर कोणास उभें राहूं देऊं नये.

कामगारांचाहि विचार केला पाहिजे. मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर मुख्य मंत्री असतांना १९४७ च्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघूं लागल्या. ठेकेदारास मिळणारा नफा तोडणाऱ्याच्या हातीं पडावा हा त्यांचा उद्देश होता. यंत्र अशा अनुभवी मंडळींच्या हातीं दिलें तर त्यांचें कसब वायां जात नाहीं. केवळ यंत्र चालवितां येतें म्हणून आलेल्या माणसास झाडाचा कल कळेलच असें नाहीं.

एकंदरींत, पांच-दहा झाडें काढावयाचीं असल्यास दुहाती करवत, पाचर व कुऱ्हाड पुरेशीं आहेत. झाडें पुष्कळ असल्यास अनुभवी चालकासह चेन-सॉ भाड्यानें आणावी, तोडीनंतर खुंट कुऱ्हाडीनें तासावे व शक्य तेथें ओढणी बैलांनीं करावी. सौदा करतांना खुंटाची उंची, ओढणीची वाट व अपघाताची जबाबदारी लेखी ठरवावी. साग, खैर, मोह, हिरडा, आंबा वगैरे झाडें महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचींत आहेत. तेव्हां परवानगी हातीं आल्यावांचून अशा झाडास हत्यार लावूं नये.