मुंबईची गाडी धरण्याआधी, बाय

परवा तू फोनवर विचारलंस, "ताई, माका ॲक्टिंगात जावचा आसा, मुंबयत खोली बघू काय गो?" आवस तुझ्या बाजूलाच बसली होती हे आवाजावरून कळत होतं, म्हणून तेव्हा जास्त बोलले नाही. आता सगळं सांगते, निवांत वाच.

खोली मागाहून बघू. आधी दोन-तीन वर्षं इथेच, सिंधुदुर्गात, स्टेजवर उभी राहा. मुंबई नवख्या मुलीला ऑडिशन देते, भूमिका देत नाही. नायगाव, मढ, घोडबंदर अशा टोकाटोकाच्या सेटांवर लोकलने, बसने जायचं, पाच ओळी बोलायच्या, "कळवतो" ऐकायचं आणि परत यायचं. वर्षभर असं फिरूनही एखादी भूमिका पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या पडद्यापर्यंत निभावून नेण्याचा अनुभव तुझ्याकडे नसेल. इथे त्याच वर्षात दोन एकांकिका आणि स्पर्धेचं एक मोठं नाटक तुझ्या पदरात पडेल. काम लहान असेल, पण पूर्ण असेल. आणि समोर खरीखुरी माणसं बसलेली असतील, कंटाळली की उठून जाणारी. नट त्यांच्यासमोर घडतो.

तू म्हणशील, इथे काय आहे? अगो, तुझ्या उशाशी काय आहे ते बघ. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत दशावतार कुठे ना कुठे चालूच असतो. लहानपणी आपण संकासुराला घाबरून आजीच्या पदरात शिरायचो, तेवढ्यावर थांबू नकोस. आता शिकायला म्हणून जा. देवळाच्या मागे रंगपटात नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात, लहानशा आरशात बघून. हातात संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोणी काय करायचं हे ठरतं, पण संवाद ज्याचे त्याने रंगमंचावरच रचायचे. समोरचा राजा आज काय बोलेल हे राणीला ठाऊक नसतं, म्हणून तिला त्याचं बोलणं मनापासून ऐकावंच लागतं. मुंबई-पुण्यात मोठी फी भरून ज्या 'इम्प्रोव्हायझेशन'च्या कार्यशाळा होतात, त्यांत हेच तर शिकवतात. सामान म्हणजे एक बाकडं, पायपेटी, पखवाज आणि झांज. बाकडं कधी सिंहासन असतं, कधी डोंगर, आणि ते तसं दिसतं ते नटाच्या नजरेमुळे.

दशावतारी नट सुधीर कलिंगण गेले २०२२ साली. त्यांचा राजपार्ट ज्यांनी पाहिला ती माणसं अजून जत्रेत त्यांची आठवण काढतात. ओमप्रकाश चव्हाणांचा स्त्रीपार्ट मिळाला तर जरूर बघ. पुरुष असून बाईची चाल, मान, हाताची बोटं त्यांनी कशी मिळवली असतील याचा विचार कर. आपण बाया म्हणून जन्मलो, पण आपली आजी पाण्याची कळशी कमरेवर घेते तेव्हा तिचा तोल कुठल्या पायावर असतो, हे आपल्यापैकी किती जणींनी नीट पाहिलंय? दशावतार पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचाच राहिला, हे मला सलतं. अलीकडे बायकांचेही दशावतारी संच उभे राहिलेत. त्यांच्या तालमीला जाऊन बसता आलं तर बस.

२०२५ च्या सप्टेंबरात सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' सिनेमा आला तेव्हा आपण सगळ्यांनी दिलीप प्रभावळकरांना बाबुली मेस्त्रींच्या भूमिकेत पाहिलं. एक्याऐंशी वर्षांचा नट. तुला घाई झालीय, एकविसावं लागलं म्हणून वय चाललंय असं वाटतंय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता तुझ्या बोलण्याचं. "माझो हेल जाणा नाय" म्हणून तू खट्टू होतेस. कोळंबच्या पुलापलीकडे रेवंडी आहे ना, मच्छिंद्र कांबळींचं गाव. याच हेलावर ते रंगभूमीवर उभे राहिले. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली आलं, तेव्हा सुरुवातीला त्याला प्रेक्षक नव्हते. पु. ल. देशपांड्यांनी कौतुकाचं पत्र लिहिलं आणि मग लोक यायला लागले. पुढे प्रयोगांनी पाच हजारांचा आकडा ओलांडला, नाटक लंडनला जाऊन आलं. त्याआधी मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर मालवणी बोलायची ती बहुतेक गड्याने नाहीतर स्वयंपाक्याने. 'वस्त्रहरण'मधला तात्या सरपंच मध्यभागी उभा राहिला तो कांबळींमुळे.

पण बाय, मालवणीवर विसंबूनही राहू नकोस. नुसती मालवणी येते म्हणून बोलावतात ते बहुतेक वेळा हसवायला बोलावतात, आणि एकदा त्या रांगेत बसवलं की दुसरं काम मिळणं कठीण जातं. म्हणून प्रमाण मराठी तितकीच स्वच्छ कर. रोज एक पान मोठ्याने वाच, फोनवर ध्वनिमुद्रित कर, दुसऱ्या दिवशी ऐक. वाक्याच्या शेवटी आवाज कुठे वर जातो, कुठे शब्द गिळतेस, ते तुझं तुलाच कळेल. मालवणी पुसायची नाही. हवी तेव्हा आणता आली पाहिजे आणि नको तेव्हा बाजूला ठेवता आली पाहिजे.

वाचायला मालवणचं नगर वाचन मंदिर आहेच. नाटकाच्या कपाटापाशी जा. आपल्या मातीतले दोघे आधी घे. आरती प्रभू म्हणून ज्यांच्या कविता शाळेत शिकलीस त्या चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव', आणि आरवलीच्या जयवंत दळवींचं 'संध्याछाया'. मग तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. 'शांतता!'मधलं बेणारेबाईंचं शेवटचं लांबलचक स्वगत पाठ कर. ते तुला लगेच झेपणार नाही, पण दर सहा महिन्यांनी पुन्हा करून बघ.

गट कुठला धरायचा? कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे, कुडाळात बाबा वर्दम थिएटर्स आहे, आणि मालवणात मामा वरेरकर नाट्यगृहात कुणाचे प्रयोग होतात याची चौकशी केलीस की दोन-चार हौशी मंडळींची नावं आपोआप कळतील. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिच्या प्राथमिक फेरीसाठी दरवर्षी गटांना मुली हव्या असतात आणि मिळत नाहीत. हे तुझ्या बाजूचं आहे. कॉलेजात आहेस तोवर मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव सोडू नकोस. 'लोकसत्ता'च्या लोकांकिका स्पर्धेची फेरी रत्नागिरीत होते, चतुरंगची 'सवाई' एकांकिका स्पर्धा मुंबईत २५ जानेवारीच्या रात्री रंगते. सवाईला निदान प्रेक्षक म्हणून एकदा जा, तुझ्या वयाची मुलं कुठवर पोचलीत ते डोळ्यांनी दिसेल.

गटात गेल्यावर पहिल्याच दिवशी भूमिका मागू नकोस. प्रॉम्प्टिंग माग. सगळ्यांचे संवाद, विराम, चुका रोज तुझ्या कानांवरून जातील. कोणीतरी आजारी पडतं, कुणाचं लग्न ठरतं, आणि मग सगळं पाठ असलेली तू एकटीच असतेस. प्रकाशयोजना कशी लावतात तेही बघ, नेपथ्य ट्रकमध्ये चढवायला हात लाव. लिहिता आलं तर लिही. 'रात्रीस खेळ चाले' मधला पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर त्या मालिकेचे लेखकही होते, हे विसरू नकोस. आकेरीच्या वाड्यात ती मालिका चित्रित झाली तेव्हा आपल्याकडच्या अनेक हौशी नटांना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळालं. ज्यांच्या मागे स्पर्धेच्या नाटकांची वर्षं होती त्यांना ते जमलं.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. तालमी रात्री असतात, कारण गटातली माणसं दिवसा नोकरी करतात. साडेअकराला तालीम सुटते, शेवटची एसटी कधीच गेलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी वाडीत चर्चा. याला घाबरून कित्येक चांगल्या मुली पहिल्या नाटकानंतर घरी बसल्या. आपल्या भागात मुली मिळत नाहीत याचं खरं कारण हे आहे, हौस नसणं नव्हे. म्हणून गटात जाताना दिग्दर्शकाला पहिल्याच भेटीत विचार: घरी कोण सोडणार? तालमीला दुसरी बाई कोण आहे? प्रयोगाच्या गावी कपडे बदलायला आणि संडासला जागा आहे का? हे विचारताना लाजू नकोस. जो दिग्दर्शक हे ऐकून तोंड वाकडं करतो, त्याच्या नाटकात तुझं काही अडलेलं नाही. पाळीच्या दिवसांत प्रयोग असेल तर तेही सांगून ठेवायचं, लपवून कुढत बसायचं नाही.

पद्धतशीर शिकायचं मनात असेल तर पदवी पुरी कर. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते आणि आधी नाटकांत काम केल्याचा अनुभवही. इथली वर्षं तिथे कामी येतील. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. आणि सगळ्यांत जवळ आहे पणजीची कला अकादमी, तिथेही नाट्यशिक्षण मिळतं. मला विचारशील तर पणजी आधी बघ. शनिवारी घरी येता येईल आणि आवशीचा जीव अर्धा खाली पडेल.

त्यानंतर मुंबई. तुतारी एक्सप्रेसने संध्याकाळी निघालीस की सकाळी दादर, जाणं अवघड नाही. तिथे टिकायला पैसा लागतो. सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण हातात असल्याशिवाय गाडीत बसू नकोस. मालिकेत काम मिळालं तरी पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात येतात, हे आधी कोणी सांगत नाही. नाटकात नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, मिळते, पण नवख्यांची नाईट फार नसते. म्हणून पोटाला दुसरं काम ठेव. सुलभा देशपांडे, बेणारेबाईंची भूमिका गाजवणाऱ्या, छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या अभिनयाला त्यामुळे कमीपणा आला नाही. तुला शिकवण्या जमतात, हॉटेलच्या रिसेप्शनला उभं राहता येतं, आपल्या होम-स्टेच्या पाहुण्यांशी तू हिंदी-इंग्रजी बोलतेस. यातलं काहीही चालेल. फक्त दुपारी ऑडिशनला सोडतील असं काम बघ.

आणि हे पक्कं डोक्यात ठेव. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. ऑडिशनला, नोंदणीला, 'लूक टेस्ट'ला पैसे मागितले की पर्स उचलायची आणि बाहेर पडायचं. को-ऑर्डिनेटर मिळालेल्या कामातून कमिशन घेतो, ती रीत आहे. काम मिळण्याआधी हात पुढे करणारा को-ऑर्डिनेटर नव्हेच. माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या एका मुलीच्या आईने पाटल्या मोडून पोर्टफोलिओचे पैसे भरले होते. फोटो आले, काम काही आलं नाही, आणि तो माणूस ऑफिस बंद करून गेला. तुझे फोटो मालवणातला लग्नाचे फोटो काढणारा एखादा चांगला पोरगा दिवसाच्या उजेडात काढून देईल: एक समोरून, एक बाजूने, एक पूर्ण उंचीचा, कमी मेकअपचा. खऱ्या कास्टिंगवाल्याला एवढं पुरतं. रंग उजळवून घेऊ नकोस. फोटोत एक आणि दारात दुसरी उभी राहिली तर पहिल्या मिनिटालाच काम जातं. शिवाय तुझा सावळा रंग सुंदर आहे, हे मी बहीण म्हणून नाही, दिग्दर्शक म्हणून सांगतेय.

ऑडिशनचा पत्ता हॉटेलच्या खोलीचा किंवा कुणाच्या फ्लॅटचा असेल तर जायचं नाही. वेळ रात्रीची असेल तरी नाही. जाशील तिथला पत्ता मला पाठवायचा, मी झोपले असले तरी. सेटवर कोणी अंगचटीला आलं तर ते "या क्षेत्रात चालतंच" असं सांगणाऱ्या बाईवरही विश्वास ठेवू नकोस. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान जागी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. करारावर सही करण्याआधी कागद घरी आण. "आत्ताच सही कर, नाहीतर रोल जाईल" म्हणाले तर जाऊ दे तो रोल.

आवशीचं काय करायचं, हे तुला सगळ्यांत जड वाटतंय, मला ठाऊक आहे. तिचा राग नटीपणावर नाही. तिला रस्ता दिसत नाही, म्हणून ती चिडते. तिला समजावत बसू नकोस. कणकवलीच्या गटाच्या तालमीला एक दिवस सोबत ने, तिथल्या बायकांशी तिची ओळख करून दे, आणि पहिल्या प्रयोगाला तिला तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसव. बापूस येणार नाही म्हणेल, त्याला आत्ता आग्रह नको. पुढल्या आठवड्यात त्या गटाची नवीन नाटकाची वाचनं सुरू होतायत. त्यांच्या दिग्दर्शकांशी मी बोलून ठेवलंय, रात्री सोडायला त्यांची बायको असते. तू साडेसहाला कणकवली स्टँडवर उतर, मी तिथेच असेन. सोबत एक वही आण, आणि आवशीक सांगूनच नीघ.